सामुद्रधुनीचे दोन तीर

तुर्कस्तानचा नकाशा समोर उघडून बसलात, तर त्याच्या वायव्य कोपऱ्यात एक गोष्ट तुमच्या चटकन ध्यानात येईल. काळ्या समुद्राच्या पाण्याला भूमध्य समुद्राकडे जावयाचे, तर दोन अरुंद दारांतून जावे लागते. पहिले दार इस्तंबूल शहराजवळचे, बॉस्पोरसचे; दुसरे दार्दानेल्सचे. हे दुसरे दार सुमारे ६१ किलोमीटर लांब आहे आणि चनाक्काले या गावाजवळ त्याची रुंदी अवघी सव्वा किलोमीटर भरते. एका तीरावर युरोप, दुसऱ्या तीरावर आशिया! या तीरावर कोंबडा आरवला, तर त्या तीरावरच्या माणसाला जाग यावी, इतकेच अंतर.

ज्याच्या हाती हे दार, त्याच्या हाती दोन समुद्रांची किल्ली. म्हणून या दारासाठी माणसे हजारो वर्षे लढत आली आहेत. आशियाच्या तीरावर प्राचीन ट्रॉय नगरीचे अवशेष आहेत आणि समोर, युरोपच्या तीरावर, गॅलिपोलीचे रणक्षेत्र आहे. एका युद्धाची कथा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, तर दुसरे युद्ध १९१५ सालचे. हे दोन्ही तीर तीन दिवसांत दाखविणाऱ्या एका सहलीत मी एका एप्रिल महिन्यात सामील झालो होतो. ट्रॉयचे चिरे पाहावे, एवढाच माझा हेतू होता.

आम्ही बाराजण होतो. कोणी ऑस्ट्रेलियाचे, कोणी न्यूझीलंडचे, कोणी इंग्लंडचे. भारतातला मी एकटाच. आमचे वाटाडे चनाक्कालेचे निवृत्त शिक्षक होते. पिकलेल्या मिशा, हातात जुनी काठी आणि बोलणे अगदी संथ. मी भारतातून आलो आहे हे कळताच ते हसून म्हणाले, "मग आपण अगदीच परके नाही. ‘दुनिया’, ‘मैदान’, ‘तारीख’, ‘साबण’ हे शब्द आमच्याकडेही आहेत. आणि हो, ‘दुश्मन’ही!"

गाडी चालू झाल्यावर त्यांनी आम्हांला एक अट घातली. "तुम्ही लढायांच्या जागा पाहण्यास निघाला आहात. सेनापतींची नावे मी सांगेनच. पण प्रत्येक ठिकाणी तुम्ही स्वतःला दोन प्रश्न विचारावयाचे. पहिला, येथल्या माणसांना पाणी कोठून मिळत होते? दुसरा, जे मेले, त्यांचे पुढे काय झाले? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, म्हणजे ती जागा तुम्हांला कळली असे समजा."

पहिल्या दिवशी दुपारी सामुद्रधुनीवरचा नवा पूल दिसला. १८ मार्च २०२२ रोजी तो खुला झाला. त्याच्या दोन उंच मनोऱ्यांमधील अंतर बरोबर २,०२३ मीटर आहे. तुर्की प्रजासत्ताकाची स्थापना १९२३ साली झाली. तिच्या शताब्दीची ही खूण. पुलाकडे पाहत वाटाडे म्हणाले, "येथे पूल बांधण्याची हौस जुनीच आहे." मग त्यांनी इराणचा सम्राट झर्क्सिस याची गोष्ट सांगितली. इसवी सनापूर्वी ४८० साली ग्रीसवर स्वारी करण्यासाठी त्याने याच पाण्यावर नावांचा पूल बांधविला. वादळाने तो मोडला. तेव्हा सम्राटाने रागावून समुद्राला तीनशे फटके मारण्याची शिक्षा फर्मावली, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले आहे! फटके खाऊन समुद्र शहाणा झाला की नाही, कोण जाणे. दुसरा पूल मात्र अधिक मजबूत बांधावा लागला.

पुढे किलितबहिरचा किल्ला आला. या नावाचा अर्थ ‘समुद्राचे कुलूप’. पंधराव्या शतकात बांधलेल्या या किल्ल्याच्या तटावर उभे राहिले, की समोरचे चनाक्काले हाताच्या अंतरावर वाटते. हे कुलूप तोडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न पहिल्या महायुद्धात झाला. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने लढत होता. इंग्लंड व फ्रान्स यांना सामुद्रधुनी जिंकून इस्तंबूल घ्यावयाचे होते आणि आपला मित्र रशिया याच्याकडे जाण्याचा मार्ग मोकळा करावयाचा होता. १८ मार्च १९१५ रोजी त्यांच्या युद्धनौकांचा प्रचंड ताफा आत शिरला. पण दहा दिवस आधी, पहाटेच्या अंधारात, नुसरेत नावाच्या एका लहानशा तुर्की जहाजाने तेथे २६ पाणसुरुंग गुपचूप पेरून ठेवले होते. त्या दिवशी तीन मोठ्या युद्धनौका बुडाल्या. त्यांतली ‘बूव्हे’ ही फ्रेंच नौका तर काही मिनिटांतच सहाशेहून अधिक खलाशांसह तळाशी गेली. समुद्राच्या वाटेने कुलूप तुटेना, तेव्हा जमिनीवर सैन्य उतरविण्याचे ठरले.

संध्याकाळी आम्ही द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला, सेद्दुल्बहिर या गावी पोहोचलो. पडका किल्ला, त्याखाली वाळूचा लहानसा किनारा, निळे शांत पाणी. २५ एप्रिल १९१५ रोजी सकाळी या किनाऱ्यावर एक जुने जहाज मुद्दाम जमिनीवर चढविण्यात आले. कोळसा वाहणाऱ्या त्या जहाजाचे नाव ‘रिव्हर क्लाइड’. त्याच्या पोटात सुमारे दोन हजार शिपाई दडलेले होते आणि बाहेर पडण्यासाठी त्याच्या कुशीला दारे पाडलेली होती. त्या काळच्या लोकांना लगेच समोरच्या तीरावरील ट्रॉयच्या लाकडी घोड्याची आठवण झाली. पण लाकडी घोड्यातली माणसे रात्री बाहेर पडली होती. हे जहाज उजेडात उभे होते. किल्ल्याच्या पडक्या भिंतींआडून तुर्की शिपाई नेम धरून बसले होते. दारे उघडली आणि बाहेर आलेली माणसे गोळ्यांच्या वर्षावात सापडली. किनाऱ्यालगतचे पाणी लाल झाले.

तेथून जवळच टेकडीवर हेलिस स्मारकाचा उंच दगडी स्तंभ आहे. ज्यांचे शव सापडले नाही किंवा ओळखता आले नाही, अशा वीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्याच्या भिंतींवर कोरलेली आहेत. मी सहज वाचू लागलो आणि एका भिंतीपाशी थबकलो. इंग्रजी अक्षरे, पण हुद्दे ओळखीचे: सुभेदार, हवालदार, नाईक, शिपाई. नावेही आपल्याकडची: कोणी सिंग, कोणी थापा, कोणी गुरुंग, कोणी खान. घरापासून हजारो कोस दूर, अनोळखी समुद्राच्या काठी, ती नावे ओळीने उभी होती. मी काही क्षण तसाच उभा राहिलो. मला इतिहासाच्या पुस्तकातले गॅलिपोली ठाऊक होते. या माणसांची मात्र मला वार्ताही नव्हती.

वाटाडे शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी सांगितले, की गॅलिपोलीच्या मोहिमेत सुमारे १६,००० भारतीय होते. त्या वेळी भारतावर इंग्रजांचे राज्य असल्याने ते इंग्रजी फौजेत होते. ४ जून १९१५ रोजी १४ व्या शीख पलटणीने जवळच्याच एका खोल घळीतून तुर्कांच्या खंदकांवर चाल केली. समोर काटेरी तारांचे कुंपण, दोन्ही बाजूंच्या कड्यांवर बंदुका. मागे फिरण्यास त्यांना जागा होती. पण ते पुढेच गेले. त्या एका दिवसात पलटणीतील बहुतेक जवान ठार अथवा जखमी झाले. भिंतीवरच्या कित्येक नावांची तारीख ती एकच आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर, पश्चिम किनाऱ्यावरील अँझॅक खाडीकडे गेलो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील सैन्याला ‘अँझॅक’ म्हणत. त्यावरून हे नाव पडले. खाडी कसली! चिंचोळी वाळू, आणि तिच्या मागे अंगावर येणारे उभे, मुरमाड डोंगर. ते सैन्य पहाटेच्या अंधारात या वाळूवर उतरले, आणि आठ महिने ती वाळू व वरचे काही कडे एवढेच त्याचे राज्य होते.

"आता पहिला प्रश्न," वाटाडे म्हणाले. "येथे पाणी कोठून येत असेल?"

आम्ही चहूकडे पाहिले. ना नदी, ना ओढा. समोर अथांग समुद्र, पण त्याचा एक घोट पिण्याजोगा नाही. तेव्हा कळले, की पिण्याचे पाणी बाहेरून जहाजांनी आणावे लागे. ते किनाऱ्यावर उतरले, तरी डोंगरमाथ्यावरच्या खंदकांपर्यंत नेणार कोण? दिवसा उतारावर हालचाल दिसली, की वरून गोळी येई. हे काम भारतीय खेचरवाल्यांनी केले. खेचरांच्या पाठीवर आणि लहान दुचाकी गाड्यांतून पाणी, रोटी, दारूगोळा घेऊन ते रात्रीच्या काळोखात वर जात आणि उतरताना जखमींना खाली आणीत. या माणसांच्या हाती बंदूक नव्हती, लगाम होता. पण त्यांची एक खेप चुकली, तर वरचे शिपाई तहानेने व्याकूळ होत. तसेच, पहिल्या दिवशी येथे प्रथम उतरविलेल्या तोफाही भारतीय डोंगरी तोफखान्याच्याच होत्या. त्या सुट्या करून खेचरांवर लादीत आणि कड्यावर नेऊन पुन्हा जोडीत.

हे ऐकताना मला आपल्या सह्याद्रीतील गड आठवले. गडावर गेलो, की आपण बुरूज पाहतो, तोफ पाहतो, राजसदर पाहतो. खडकात खोदलेले पाण्याचे टाके पाहतो ते बहुधा तहान लागल्यावर. परंतु टाके कोरडे पडले, तर बुरूज आणि तोफ काय कामाची?

समुद्राच्या अगदी लाटांजवळ एक लहानसे कब्रस्तान आहे. तेथे जॉन सिम्प्सन नावाच्या एका शिपायाची कबर दाखवितात. एका गाढवाच्या पाठीवर जखमींना बसवून तो गोळ्यांच्या माऱ्यातून त्यांना किनाऱ्यावर आणी. आपल्या तुकडीपेक्षा त्याला भारतीय खेचरवाल्यांचा तळ अधिक आवडे. तो त्यांच्यातच राही व त्यांच्याबरोबर जेवी. चार आठवडेही झाले नव्हते, तोच १९ मे रोजी तो गोळी लागून पडला. आज ऑस्ट्रेलियातील मुलांना त्याची गोष्ट पाठ असते. त्याला आपल्या पंगतीत जेवू घालणाऱ्यांची नावे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

गाडी डोंगरावर चढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची झाडे आणि झाडांखाली वेडेवाकडे चर. पावसाने बुजत आलेले हे चर म्हणजे जुने खंदक. काही ठिकाणी दोन शत्रूंच्या खंदकांत दहा-पंधरा पावलांचेच अंतर होते. एकाला खोकला आला, तर दुसऱ्याला ऐकू जाई. १९ मे १९१५ रोजी तुर्कांनी येथे मोठा हल्ला केला आणि त्यांचे सुमारे ३,००० शिपाई दोन खंदकांमधल्या जागेत मरून पडले. उन्हाने शवांची दुर्गंधी असह्य झाली. अखेर दोन्ही पक्षांनी बोलणे केले आणि २४ मे रोजी सकाळपासून दुपार टळेपर्यंत लढाई थांबली. ज्या शिपायांनी एकमेकांचे तोंड आजवर फक्त बंदुकीच्या नेमातून पाहिले होते, ते हातांत फावडी घेऊन बाहेर आले. त्यांनी आपापले मृत पुरले. कोणी एकमेकांना विड्या-सिगारेटी दिल्या, कोणी खुणांनी दोन शब्द बोलले. ठरलेली वेळ भरली. सगळे आपापल्या खंदकात परतले आणि पुन्हा गोळ्या सुटू लागल्या.

हे सांगताना वाटाड्यांचा स्वर खाली आला होता. आमच्या तुकडीत ऑस्ट्रेलियाच्या एक वृद्ध बाई होत्या. ‘लोन पाइन’ येथील कब्रस्तानात त्यांच्या आजोबांच्या भावाचे नाव होते. त्यांनी तेथे फुले ठेवली, तेव्हा वाटाड्यांनीही डोक्यावरची टोपी काढली. बाईंनी विचारले, "तुमचे कोणी होते का या युद्धात?"

"माझे पणजोबा," ते म्हणाले. "येथेच कोठेतरी आहेत. आमच्या हजारो लोकांच्या कबरी नाहीत. एकेका खड्ड्यात कितीजण आहेत, तेही ठाऊक नाही. म्हणून मी सगळ्याच कबरींपुढे थांबतो. कोण जाणे, त्यांतल्या एखाद्याने त्या दिवशी माझ्या पणजोबांवर माती लोटली असेल!"

बाई काही बोलल्या नाहीत. उरलेल्या फुलांतली निम्मी त्यांनी वाटाड्यांच्या हातात दिली.

दुपारी आम्ही चोनुक बायर या शिखरावर उभे होतो. येथून दोन्हीकडचा समुद्र दिसतो. पहिल्याच दिवशी तुर्कांचा एक तरुण सेनाधिकारी धावत येथे पोहोचला आणि त्याने शत्रूची वाट रोखून धरली. त्याचे नाव मुस्तफा केमाल. ऑगस्टमध्ये येथेच तोफगोळ्याची एक कपची त्याच्या छातीवर आदळली. खिशातील घड्याळ फुटले आणि तो वाचला. पुढे १९२३ साली तोच तुर्की प्रजासत्ताकाचा पहिला अध्यक्ष झाला. ९ ऑगस्ट रोजी गुरखा पलटणीचे जवान याच डोंगररांगेच्या माथ्यावर चढून गेले होते. ज्या पाण्यासाठी हे युद्ध मांडले होते, ती सामुद्रधुनी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पण तोफांच्या माऱ्यात त्यांना तेथे टिकता आले नाही.

अखेर हल्ला करणाऱ्यांनी माघार घेण्याचे ठरविले. पण शत्रूला चाहूल लागू न देता हजारो माणसे न्यावयाची कशी? एका शिपायाने युक्ती काढली. बंदुकीच्या घोड्याला एक डबा बांधावयाचा आणि वरच्या डब्यातून त्यात थेंब थेंब पाणी गळू द्यावयाचे. खालचा डबा भरून जड झाला, की घोडा ओढला जाई आणि बंदूक आपोआप उडे! खंदक रिकामे झाले, तरी गोळ्या सुटतच राहिल्या. डिसेंबर १९१५ मध्ये अँझॅक सैन्य, आणि जानेवारी १९१६ मध्ये दक्षिण टोकावरचे सैन्य सुखरूप निघून गेले. ज्या पाण्याच्या थेंबासाठी आठ महिने जीव टाकला, त्याच थेंबांनी निघताना राखण केली. या मोहिमेत दोन्ही बाजूंचे मिळून एक लाखाहून अधिक लोक मेले. आणि दार होते त्याच्याच हाती राहिले.

तिसऱ्या दिवशी नावेने सामुद्रधुनी ओलांडून आम्ही आशियात आलो. चनाक्कालेपासून ट्रॉय सुमारे तीस किलोमीटर. मी मनाशी उंच तट, भव्य महाल असे काहीतरी रंगविले होते. प्रत्यक्षात शेतांच्या मध्ये एक बुटके टेकाड दिसले. त्याचे नाव हिसारलिक. आपल्या हरयाणातील हिसार गावाच्या नावात जो किल्ल्याचा अर्थ आहे, तोच यात आहे.

महाराष्ट्रातील कित्येक गावांजवळ अशी टेकाडे असतात. आपले शेतकरी त्यांना पांढरीचे टेकाड म्हणतात. पडलेल्या घरांवर नवी घरे, त्यांच्या राखेवर आणखी घरे, असे थर साचून ती उंच होतात. नेवासे, इनामगाव येथे उत्खनन करून आपल्या संशोधकांनी अशाच थरांतून जुने जग बाहेर काढले. ट्रॉयलाही एकावर एक अशी नऊ नगरे आहेत. सर्वांत खालचे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे, सर्वांत वरचे रोमन काळातले.

हाइनरिख श्लीमान नावाच्या एका धनिक जर्मन व्यापाऱ्याला होमर या ग्रीक कवीच्या ‘इलियड’ महाकाव्याने वेड लावले होते. फ्रँक काल्व्हर्ट याने त्याला हे टेकाड दाखविले. १८७० नंतर श्लीमानने खोदकाम सुरू केले. त्याला काव्यातील राजा प्रायम याची नगरी हवी होती, आणि ती तळाशी असणार असे वाटून त्याने टेकाडाच्या पोटातून एक प्रचंड चर खणला. १८७३ साली त्याला सोन्याचे दागिने सापडले. ‘प्रायमचा खजिना!’ म्हणून त्याने जगभर गाजावाजा केला आणि तो चोरून देशाबाहेर नेला. पुढे कळले, की ते सोने ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळापेक्षा हजारभर वर्षे आधीचे आहे. आणि ज्या थरांत त्या काळच्या खुणा होत्या, ते थर खालच्या नगरीच्या घाईत त्याच्याच कुदळींनी कापून टाकले होते! तो चर आजही तेथे आहे. पुढील संशोधकांनी मातीचा एकेक थर जपून उलगडला. कलता दगडी तट, जळालेल्या घरांची राख, युद्धाच्या खुणा त्यांना सापडल्या.

"पाणी?" वाटाड्यांनी काठी उंचावून विचारले. आता आम्ही सरावलो होतो. टेकाडाच्या पायथ्याशी खडकात खोदलेले पाण्याचे बोगदे आम्हीच शोधून काढले. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा अनाम हातांनी ते खणले. त्या काळी समुद्रही नगरीच्या बराच जवळ होता. नद्यांनी गाळ आणून आणून त्याला दूर लोटले. जेथे एके काळी लाटा येत, तेथे आता शेते पिकतात.

"आणि मेलेले?"

या प्रश्नाचे उत्तर दगडांत नव्हते. ते होमरच्या काव्यात होते. पुष्कळांना वाटते, की ‘इलियड’च्या शेवटी लाकडी घोडा येतो आणि नगर जळते. तसे नाही. ग्रीकांचा महावीर अकिलीझ याने ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याला मारले आणि त्याचे शव रथामागे बांधून फरफटत नेले. तेव्हा हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, रात्री शत्रूच्या छावणीत गेला. ज्या हातांनी आपला मुलगा मारला, ते हात त्याने चुंबिले आणि मुलाचे शव मागितले. अकिलीझला आपला दूर असलेला वृद्ध बाप आठवला. दोघेही रडले. शव परत मिळाले. अंत्यविधीसाठी काही दिवस लढाई थांबली. हेक्टरच्या अंत्यविधीबरोबर ते महाकाव्य संपते.

ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांपुढे २४ मेचा तो दिवस उभा राहिला. हातांत फावडी घेतलेले दोन सैन्यांचे शिपाई. आणखी मागे पाहिले, तर कुरुक्षेत्र दिसले. युद्ध संपल्यावर युधिष्ठिराने आपल्याच नव्हे, तर कौरवांकडील मृतांचेही अंत्यविधी करविले, असे महाभारत सांगते. आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी असलेली अफझलखानाची कबर तर आपल्यांपैकी कित्येकांनी पाहिलेली असते. देश वेगळे, काळ वेगळा, धर्म वेगळे. पण मेलेल्याशी वैर धरावयाचे नाही, ही एक गोष्ट माणसे पुन्हा पुन्हा शिकत आली आहेत. जिवंत माणसाशी वैर धरू नये, ही शिकवण मात्र त्यांना अजून जड जाते.

ट्रॉयच्या तटावर उभे राहिले, की वायव्येला सामुद्रधुनीचे मुख दिसते. हवा स्वच्छ असली, तर पलीकडच्या तीरावरील तुर्की हुतात्म्यांचे स्मारकही दिसते. आम्हांला ते दिसले. एक मालवाहू जहाज दोन्ही तीरांमधून शांतपणे जात होते. ज्या दारासाठी एवढी माणसे मेली, त्या दारातून आज सर्व देशांची जहाजे धान्य घेऊन ये-जा करतात.

मित्रांनो, तुमच्या गावाजवळही एखादा गड असेल, एखादे पांढरीचे टेकाड असेल, वेशीजवळ एखादा वीरगळ उभा असेल. तेथे गेलात, तर राजाचे आणि सेनापतीचे नाव विचाराच. पण तेवढ्यावर थांबू नका. टाक्यात डोकावून पाहा. ते कोणी खोदले असेल, त्यातले पाणी कोण भरून नेत असेल, याचा विचार करा. वीरगळावरचा शेंदूर आणि शेवाळ यांखाली एखादा चेहरा दिसतो का, ते पाहा. जे लढले ते बहुधा पुस्तकांत असतात. ज्यांनी त्यांना पाणी पाजले आणि ज्यांनी त्यांच्यावर माती लोटली, त्यांना मात्र आपणच शोधून काढावे लागते.

स्वाध्याय

१. वाटाड्यांनी प्रवाशांना कोणते दोन प्रश्न विचारावयास सांगितले? ते का, हे तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘रिव्हर क्लाइड’ जहाज आणि ट्रॉयचा लाकडी घोडा यांत साम्य काय व फरक काय?
३. "म्हणून मी सगळ्याच कबरींपुढे थांबतो." हे कोण, कोणास व केव्हा म्हणाले? त्यातील भाव स्पष्ट करा.
४. श्लीमानच्या घाईमुळे कोणते नुकसान झाले?
५. पुढील शब्द वाक्यांत योजा: चाहूल, अथांग, चिंचोळी, राखण.
६. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूला भेट द्या. तेथील पाण्याची व्यवस्था पाहून दहा ओळी माहिती लिहा.